नऊ व्होल्ट

मिसेस पार्डींचा कागद फ्रिजवर होता,
जाड पेन्सिलीत, माशाच्या आकाराच्या चुंबकाखाली:
टेसचं दूध कोमट. लिअँडरला शेंगदाणे नकोत.
शेगडीत लाकूड मी घालून ठेवलंय, तू उघडू नकोस.
आणि तळाशी, गाडीचा हॉर्न वाजल्यावर लिहिल्यासारखं:
काही झालंच तर आधी बाहेर, मग फोन.

मी तेरा वर्षांची. तासाला चार डॉलर.
न्यूफाउंडलंडच्या त्या टोकाला
फेब्रुवारीत बर्फ खिडकीपर्यंत येऊन आत डोकावतो.
हॉलमध्ये नाच होता, सगळी मोठी माणसं तिकडे.

अ‍ॅम्ब्रोज कीपिंग, डाव्या हाताला तीनच बोटं,
बंबाच्या शेडमध्ये आम्हा पाच मुलींना शिकवायचे:
परक्या घरात शिरलात की आधी दारं मोजा,
मुलं काय, ती स्वतःच मोजून घेतात.
बंद दाराला हात लावायचा तो पालथा.
तळवा उद्याही लागेल.

म्हणून मोजली. दोन.
त्यातलं मागचं बर्फानं गच्च धरलेलं,
म्हणजे एकच.
फावडं घेतलं, अर्धा तास उपसलं,
दार कण्हत उघडलं तेव्हा
मला वाटलं, झालं, शिकले मी सगळं.
ओले हातमोजे शेगडीवरच्या दांडीला टाकले.

मग खुर्चीवर चढून धुराच्या भोंग्याचं बटण दाबलं.
काही नाही.
पुन्हा दाबलं.
झाकण काढलं तर आत
पत्र्याच्या दोन जिभा, बाकी पोकळ.

लिअँडर पाच वर्षांचा. तो एकाएकी
छताकडे बघू लागला, देवळात बघावं तसा.
टेबलाखाली त्याची लाल मोटार गोल गोल फिरत होती
आणि रिमोट त्याच्या पाठीमागे.

काढून घेतली बॅटरी.
मोटार गालिच्यावर मधेच थांबली.
तो असा रडला की पाळण्यात टेस उठली,
तिला का रडायचं ते ठाऊक नव्हतं, तरी रडली.
"तू वाईट आहेस," लिअँडर म्हणाला.
मी म्हटलं, असेन. दात घास.

पावणेदहाला मी गोष्टीच्या तिसऱ्या पानावर होते
आणि भोंगा ओरडला.

स्वयंपाकघर करडं. पुढचं दार त्या करड्याच्या पलीकडे.
टेस काखेत, गोधडीसकट, लिअँडरचं मनगट मुठीत,
वाकून, वाकून,
मागच्या दाराला पालथा हात.
गार. किती गार, बाई गं, किती छान गार.

उलट्या ठेवलेल्या होडीपाशी तो हिसके देऊ लागला:
माझी मोटार राहिली! माझी मोटार!
मी सोडलं नाही.
दुसऱ्या दिवशी त्याच्या मनगटावर माझी चार बोटं होती,
त्याच्या आईनं दाखवली, रागानं नाही.

कीपिंगबाईंनी फोन केला.
अ‍ॅम्ब्रोज नाचाच्या शर्टातच धावत आले,
आत गेले, आणि चिमट्यात धरून बाहेर आणलं
काहीतरी काळं, आखडलेलं, धुमसणारं.
एक हातमोजा. दांडीवरून घसरलेला.
"कुणाचा?"
माझा, मी म्हटलं.
तीन बोटांनी त्यांनी दाढी खाजवली.
दारं मोजलीस ना, एवढंच विचारलं.

कीपिंगबाईंच्या चुलीपाशी कोको पिताना
लिअँडर बराच वेळ गप्प होता.
मग माझ्या बाहीला ओढून, हळूच:
"ते ओरडलं ना, ते माझ्या बॅटरीनं?"
तुझ्याच.
त्यानं ते अ‍ॅम्ब्रोजना सांगितलं, आईला सांगितलं,
नाचातून परतणाऱ्या प्रत्येकाला अडवून सांगितलं,
टेसलाही सांगितलं, ती झोपली होती.

बारा डॉलर मिळाले. हातमोज्याबद्दल कुणी बोललं नाही.
घरी गेले, एक हात खिशात.