सव्वापट

जेल रोडवर, दुसऱ्या माळ्यावर माझं दुकान:
एक टेबल, एक सोल्डरिंगची बंदूक,
मेलेल्या कीबोर्डांचं एक पोतं.
रेठरेकरबाई लॅपटॉप घेऊन आल्या
साडीच्या दुकानातल्या पिशवीत, वर दोरी बांधून,
आजारी मांजर आणावं तसा.

"अडतो," म्हणाल्या. "शब्द टाइप करून
पाणी प्यायला जाऊन यावं, तेव्हा उमटतो."

उघडून पाहिलं. चार जीबी मेमरी,
वाढवायला खाचच नाही, बोर्डालाच झाळलेली.
आणि तेवढ्यात एकोणतीस फायली उघड्या:
होळकरांच्या वेळचे मोडी कागद,
एकेक फोटो गोधडीएवढा.

"बंद करत जा ना, बाई."
"बंद केलं की सांधा तुटतो.
या पत्रातला 'र' त्या यादीतल्याच हाताचा,
हे डोळ्यांसमोर राहायला हवं.
मोडीत लेखणी उचलत नाहीत, ठाऊक आहे ना?"
ठाऊक नव्हतं.

नवी सिस्टम घालायला बसले
आणि तो पडदा आला, दर वेळी येतो तो:
स्वॅपला जागा किती?

उस्ताद रफीकभाई सांगायचे,
"दुगना रखो बेटा, और भूल जाओ."
पण तेव्हा मेमरी चिमूटभर असायची,
तिची दुप्पट म्हणजे दोन चिमटी.
शेजारच्या गाळ्यातला अंकुर म्हणतो, शून्य ठेव,
डिस्क झिजते, आता कोण वापरतं.
अंकुरकडे बत्तीस जीबी आहे.
भरल्या पोटी उपास सांगावा.

मी बाईंना समजावलं, माझ्या परीनं:
हातात मावेनासं झालं
की जे बराच वेळ लागलेलं नाही
ते मशीन मागच्या खोलीत ठेवून येतं.
हवं झालं की जाऊन आणतं. उशीर लागतो,
हरवत नाही.
खोली फार मोठी केली तर तुमच्या कागदांची जागा जाते.
खोलीच नसली तर भांबावतं, आणि
मधेच कशाचा तरी गळा दाबतं.
कशाचा, ते तेच ठरवतं.

बाईंनी चष्मा पुसला.
"आमच्याकडे नर्मदा एक दिवसाआड येते.
मी दोन दिवसांचं भरते. वरचे नेवासकर आठवड्याचं भरतात.
त्यांच्या जिन्यात ड्रम. परवा त्यांनाच ठेच लागली."
मग जरा थांबून,
"बॅटरी बारा मिनिटं टिकते. वीज गेली तर?"

तर झोपवता येईल, म्हटलं. अगदी गाढ.
सगळं लिहून ठेवायचं, दिवा विझवायचा,
उठल्यावर त्याच ओळीवर.
पण जागेपणी जेवढं डोक्यात असतं
तेवढी जागा झोपायलाही लागते.

"म्हणजे चाराला चार?"
"थोडं वर."
"मग सव्वापट कर," त्या म्हणाल्या,
कुणाच्या तरी हातावर रुपया ठेवून
वर चार आणे ठेवावेत तशा.

सव्वा. माझ्या धंद्यात हे माप नाही.
पाच लिहिलं, एंटर दाबलं.

मंगळवारी रात्री फोन:
"अगं, घोड्यांच्या चंदीचा हिशेब होता,
'शेर' म्हणून थांबले आणि वीज गेली.
आत्ता आली. अजून 'शेर'वरच आहे!"
मागे पंखा गरगरत होता.
"पण अडतं गं, अजून थोडं."
"अडेलच. मागच्या खोलीत गेलं असेल."
"जाऊ दे. सावकाश येऊ दे," म्हणाल्या,
"मीही तोवर पाणी पिऊन येते."