हरकती व सूचना

पान सात, खालचा डावा कोपरा.
वर दशक्रियेची जाहिरात, शेजारी बोअरवेलवाला,
मध्ये आमची नोटीस, मुंगीच्या अक्षरांत:
‘तमाम नागरिकांस कळविण्यात येते की
सातपूर विभागातील खालील चौकास
नाव देण्याचे प्रस्तावित असून
कोणाची हरकत असल्यास तीस दिवसांच्या आत
लेखी स्वरूपात...’

लेखी स्वरूपात म्हणजे माझ्या टेबलावर.
आवक-जावक, खिडकी क्रमांक दोन.
सव्वीस वर्षं मी शिक्का मारतोय: ‘मिळाले.’
‘वाचले’ असा शिक्का
महापालिकेने अजून बनवून घेतलेला नाही.

एकोणतीस दिवस कोणी फिरकलं नाही.
म्हणजे माणसं आली,
पण घंटागाडी गल्लीत वळत नाही म्हणून,
कुत्र्यांसाठी,
घरपट्टीवर मयत बापाचं नाव अजून कसं, हे विचारायला.
एक जण नुसता पंख्याखाली बसून गेला.

तिसाव्या दिवशी पावणेसहाला
कुलूप माझ्या हातात, आणि दारात मथुराबाई निरगुडे.
वहीचं फाडलेलं पान, नातीचं अक्षर,
समास लाल पेनाने आखलेला.

‘साहेब, ज्यांचं नाव देताय ते चांगलेच असतील.
मी त्यांना पाहिलं नाही, त्यांनी हा चौक पाहिला नाही.
आमचे मालक इथे पाणी सोडायचे.
रात्री साडेतीनला, लोखंडी चावी खांद्यावर,
गंगापूर धरण भरलेलं असो की तळाला गेलेलं,
खड्ड्यात उतरून सतरा आटे फिरवायचे
आणि मोठ्याने मोजायचे, झोप लागू नये म्हणून.
तेराव्या-चौदाव्याला बाया हंडे घेऊन खाली.
लोक या जागेला सतरा आटे म्हणतात.
रिक्षावाल्यालाही तेच सांगतात.
माझी हरकत नाही.
माझी फक्त माहिती आहे.’

मी तिथेच राहतो. तिसरा मजला, आठ वर्षं.
मला वाटायचं, एमआयडीसी जवळ,
असेल कुठलं तरी नट-बोल्टचं वर्कशॉप,
त्यावरून पडलं असेल नाव.

रजिस्टरात रकाने दोन: हरकत, सूचना.
पेन उघडून बराच वेळ बसलो.
शिपाई म्हणाला, साहेब, बस चुकेल.
मग पट्टी घेऊन तिसरी रेघ मारली,
जरा वाकडी आली,
वर लिहिलं: माहिती.

फाइल वर गेली, खाली आली.
शेरा: ‘विहित मुदतीत हरकत प्राप्त नाही.’
खोटं काहीच नव्हतं त्यात.

निळी पाटी लागली. नारळ फुटला, दुसऱ्या फटक्यात.
पान पाच, तीन कॉलमी फोटो,
‘परिसरातील नागरिक मोठ्या संख्येने उपस्थित होते.’
भिंग लावून मोजले: अकरा,
मांडववाला धरून.
मथुराबाई कोपऱ्यात कापल्या गेल्यात,
फक्त पदर आलाय. त्यांचाच असावा.

पाटीच्या खाली तो खड्डा अजून आहे,
त्यावर सिमेंटचं झाकण,
झाकणावर कोणीतरी खडूने लंगडीचे चौकोन आखलेले.

परवा तिसऱ्या मजल्यावर पाणी चढेना.
गॅलरीत गेलो. पावणेचार.
ठेकेदाराचा नवा पोरगा, कानात हेडफोन,
झाकण परत लावत होता.
ओरडलो, किती फिरवलेस रे?
त्याने एका कानातलं काढलं.
काय?
किती आटे?
मोजलं नाही काका. पंधरा असतील.

समोरच्या बैठ्या घरात दिवा लागला.
मी काही बोलायच्या आत
तिथून बाईचा आवाज आला,
झोपेतला, पण खणखणीत:
अजून दोन.