परत न ठेवता

मंगळवारी रात्री स्क्रँटनचं हे लाँड्रोमॅट रिकामं असतं.
बाहेर बर्फाचा काळा चिखल, आत अठरा ड्रायर,
त्यातले तीन कायमचे आजारी.
वांडा कोवाल्चिक, वय एकसष्ट,
आणि मी, एक्केचाळीस,
कम्युनिटी कॉलेजात शेवटून दुसरा बाक आमचा.
तिला हॉस्पिटलच्या बिलांचं काम हवंय,
मला दाताच्या दवाखान्यातलं;
दोन्ही वाटांवर आडवा हाच एक विषय.

मिरजेला आमच्या पुस्तकात एक पिशवी होती.
पिशवीत लाल चेंडू, निळे चेंडू.
कुणाचे, कुणी भरले, खेळायला का देत नाहीत,
हे विचारायची सोय नव्हती.
पानसे सर म्हणत, न बघता काढा.
आम्ही एकही चेंडू कधी काढला नाही,
नुसते वर अंश लिहिले, खाली छेद.

वांडा खरे पत्ते आणते.
ती क्लब म्हणते, मी मनात किलवर म्हणते,
मग गणित सुटतं.
मेंढीकोटात दश्श्या मोजण्यात वाया गेलेल्या सुट्ट्या
अशा तीस वर्षांनी वसूल होतात:
बावन्नात चार, म्हणजे तेरात एक.

पण ‘किमान एक’ आलं की दोघी अडखळतो.
सहा रीतींनी मोजतो, सात उत्तरं येतात.
मग आठवतं, हवं ते मोजायचंच नाही.
एकही नाही, असं कितीदा, ते मोजायचं
आणि एकातून वजा करायचं.
वांडा म्हणाली, हे तर मी घरी रोज करते.

मशीनसाठी आणलेली क्वार्टर उडवत बसलो.
छापा. छापा. छापा. छापा.
आता काटाच, लाव पैज, वांडा म्हणाली.
मी सरांच्या आवाजात सांगितलं,
नाण्याला मागचं आठवत नसतं.
तिने ते जरा वेळ मुठीत धरलं.
सुखी आहे मेलं, म्हणाली,
आणि फटीत टाकलं. पाणी सुरू झालं.

चार खुर्च्या, चार माणसं: चोवीस रीती.
चार खुर्च्या, एक माणूस: चार.
तिच्या स्वयंपाकघरात चारच आहेत.
स्टॅन नगरपालिकेचा मिठाचा ट्रक चालवायचा,
रस्त्यावरचा बर्फ विरघळवायला.
दोन हिवाळे झाले.
चार रीती आहेत ना, ती म्हणाली,
मी एकच वापरते. खिडकीकडे पाठ.

ड्रायर थांबला. तिने गरम मोज्यांचा ढीग
टेबलावर ओतला. चल, आता हे.
काळे सहा, पांढरे चार.
न बघता दोन काढले, परत न ठेवता,
दोन्ही पांढरे निघण्याची शक्यता किती?
मी लिहिलं: दहात चार, गुणिले नवात तीन.
परत ठेवायचं नसलं की छेद एकाने कमी होतो,
एवढंच तर आहे.

थांब, ती म्हणाली.
ढिगाच्या तळाशी एक करडा लोकरी मोजा,
पुरुषाच्या मापाचा, टाच रफू केलेली.
मळायला तो कुणाच्या पायात जातच नाही,
तरी दर मंगळवारी धुऊन निघतो.
हा धरायचा का?

प्रश्नात त्याचा उल्लेख नव्हता.
पंधरात दोन असं सुटसुटीत उत्तर येत होतं.
मी दहा खोडून अकरा केले,
नवाचे दहा केले.
काटाकाटी करून पंचावन्नात सहा उरले.
पांढरी जोडी हाती लागणं
थोडं अवघड झालं, इतकंच.

वांडाने आकडा वहीत उतरवून घेतला,
काळ्यांच्या तीन जोड्या लावल्या, पांढऱ्यांच्या दोन.
करडा मोजा त्याच्यातच गुंडाळून
पिशवीत टाकला, न बघता.

गुरुवारी चाचणी आहे.
माझ्या खिशात एक क्वार्टर उरलं होतं,
ते उडवायचं राहून गेलं.