चहातलं मीठ

हृदयाचं चित्र मी गुंडाळून
मोटरसायकलला बांधून आणलं होतं,
खांगायच्या उतारावरून चाळीस किलोमीटर,
वाटेत नदी, पायाखाली कुरकुरणारा एप्रिलचा बर्फ.
लाल रंग, निळा रंग, बाण.
दाम्बीन्यामने ते गेरच्या झरोक्याकडे धरलं, उलटं,
मग सुलट,
आणि म्हणाला, हे चुकलंय.
ही नळी अशी वर निघून जात नाही.
वळते. कण्याला चिकटून खाली येते.

त्याला कोण शिकवणार?
मेंढीच्या छातीखाली चार बोटांची चीर,
त्यातून मनगटापलीकडे हात,
आणि आत, अंधारात,
धडधडणारी तीच नळी दोन बोटांत धरून तोडायची.
रक्ताचा थेंब जमिनीवर पडू द्यायचा नाही.
मी परीक्षेसाठी घोकलं
ते त्याच्या बोटांना पाठ आहे.

मी चित्र गुंडाळलं.
म्हटलं, मग तुम्हीच सांगा,
घाबरलेल्या मेंढीची नळी हाताला कशी लागते?
"ताठ. भिजलेल्या दोरासारखी."
थोडं थांबून:
"म्हातारीची, न घाबरताही."

एवढंच सांगायला तर मी आले होते.
माणसाचंही तसंच. फक्त
माणसाच्या आत हात घालून कुणी बघत नाही,
म्हणून ही पट्टी.

पाच मिनिटं शांत बसा.
पाय जमिनीवर, एकावर एक नको.
हात छातीच्या उंचीला, टेकायला खोगीर घ्या.
बोलायचं नाही. (हेच त्याला जड गेलं.)
एकशे बावीस, अठ्ठ्याहत्तर.
डोकं दुखतंय असा निरोप त्याचाच होता;
दुखत होती ती मान,
तीनशे शेळ्यांची लोकर वाकून वाकून विंचरलेली.
तो जरा हिरमुसलाच.

त्सेवेलमा चुलीपाशी.
पळी उंच नेऊन चहा ओतत होती,
पुन्हा कढईत, पुन्हा उंच,
आणि मीठ, चिमटीने नव्हे, मुठीने, न बघता.
माझं काय बघायचं? मला काही होत नाही.
हे वाक्य मी इतक्या गेरांत ऐकलंय
की हल्ली पट्टी आधी त्याच दंडाला बांधावीशी वाटते.

एकशे चौऱ्याऐंशी.
थांबून, पुन्हा. एकशे ऐंशी.
दुसरा हात. तेच.

"पण दुखत तर नाही."
नाही दुखत.
लांडगा आला की कुत्रं भुंकतं. हे भुंकत नाही.
मग एखाद्या सकाळी ओठ एका बाजूला ओघळतो,
पेला हातातून सुटतो, जीभ अडखळते.
तसं झालं तर पडून राहायचं नाही,
त्याच क्षणी गाडी बोलवायची.
पण तिथवर जाऊच नये.
सोमवारी तालुक्याच्या दवाखान्यात या.
डॉक्टर गोळी देतील, ती रोज.
बरं वाटतंय म्हणून सोडायची नाही.
बरं तर तुम्हाला आत्ताही वाटतंय.

मिठाचा विषय काढला
आणि चुलीत शेण असूनही गेर गार पडलं.
पाहुण्याला अळणी चहा?
त्सेवेलमा काही बोलली नाही.
दाम्बीन्यामने तिचं मनगट धरलं,
दोन बोटं, डोळे मिटलेले, बराच वेळ.
काय लागलं ते त्याने सांगितलं नाही.

पाच आठवड्यांनी गेले तेव्हा
कढया दोन होत्या.
लहानीतला चहा तिचा. तोही तोच पीत होता,
प्रत्येक घोटाला तोंड वाकडं करत,
नदीचं पाणी, नदीचं पाणी, म्हणत.
एकशे छप्पन्न. अजून जास्तच.
गोळ्यांच्या पाकिटात दोन खळगे भरलेले,
त्या दिवसांचं तिने विचारू दिलं नाही.

मला मोठ्या कढईतला दिला. खारट, दाट,
मी दोन वाट्या प्याले.
पट्टी पिशवीत कोंबत होते,
तर त्सेवेलमा म्हणाली, आणि तुझं किती?

मी मोटरसायकलची किल्ली शोधू लागले.