खोडरबर

जूनच्या सत्तावीस तारखेला रात्री
मी जुलैचा तक्ता टेबलावर पसरते.
एकतीस रकाने, अकरा ओळी.
अकरा जागा मंजूर आहेत.
मासेरूच्या फायलीत त्या अजूनही अकराच आहेत,
धडधाकट, पगारी, गणवेशातल्या.
इथे माणसं सहा.

पेन्सिल दोन बोटं उरलेली.
खोडरबर धाकटीच्या दप्तरातलं,
कोपऱ्यावर तिच्या दातांची खूण.

खिडकीतून पलीकडचा डोंगर दिसतो, बर्फाने फिकट.
टॉर्चचा एक ठिपका वळणावळणाने खाली उतरतोय.
कुणीतरी कुणाला तरी तट्टावरून आणतंय.
ठिपका लकेच्या शेताशी आहे, म्हणजे चाळीस मिनिटं.
तेवढ्यात पहिला आठवडा लावून होईल.

सेबुएंगला सलग पाच रात्रपाळ्या.
सहावी देता येत नाही, तसा नियम आहे.
सहावी दिली.
ती भांडेल, मग चहा मागेल, मग करेल.

गेल्या हिवाळ्यात राजधानीतून एक मुलगा आला होता,
लॅपटॉपवाला, नम्र, थंडीने नाक लाल.
खाटा किती, बाळंतपणं किती,
एका बाळंतपणाला मिनिटं किती, विचारत राहिला.
नदीला पाणी आलं की मिनिटं किती, हे मी सांगितलं,
पण त्याला तो रकाना सापडेना.
शेवटी उत्तर आलं:
चौदा पूर्णांक तीन दशांश नर्स.
आम्ही हसलो नाही.
सेबुएंग एवढंच म्हणाली,
"ते तीन दशांश तरी आत्ता पाठवा.
रात्री तेवढ्यानेही भागेल."
त्याने ते लिहून घेतलं.

आता गुरुवार.
गुरुवारी रेत्शेपिले असते.
तिच्या नावाचा अर्थ, आमचा भरवसा आहे.
आज दुपारी ती दारात उभी राहिली,
"म्मे न्थोफीला, एक सही हवी होती."
इंग्लंडमधल्या कुठल्याशा इस्पितळाचा फॉर्म,
तीन पानी, गुळगुळीत.

उमेदवार दबावाखाली काम करू शकते का?

वीज गेलेली ती रात्र.
दोघी एकदम आल्या, एकीचं रक्त थांबेना.
पोरीने फोनची बत्ती दातात धरली,
मूठ आत दाबून तशीच उभी राहिली,
गाडी येईपर्यंत. गाडी पहाटे आली.
तिचे दात नंतर दोन दिवस दुखत होते.

मी लिहिलं, होय.
मग वाटलं, होय पुरेसं नाही, आणि सगळं लिहिलं.
लिहिताना कळत होतं,
एकेक चांगला शब्द तिला
एकेक समुद्र पलीकडे नेतोय.
वाईट लिहिता आलं असतं.
नुसतं "बरी आहे" लिहिलं असतं तरी
ती माझ्या गुरुवारी राहिली असती,
चिडून, फाटक्या हातमोज्यांत,
भावाची फी थकवून.
ती फी मी थोडीच भरणार होते.

सही केली. शिक्काही मारला.
शिक्का नीट उमटला नाही म्हणून
पुन्हा मारला.

तर आता गुरुवार.
सवयीने तिचं नाव लिहिलं, खोडलं.
सेबुएंगचं लिहिलं. सातवी? खोडलं.
माझं लिहिलं. मी मेट्रन,
तक्त्यात माझी ओळच नाही. खोडलं.
कागद तिथे आधी लोकरीसारखा झाला
आणि मग गेला.
बोराएवढं भोक.
खालून जूनचा तक्ता डोकावतोय,
कुठल्याशा वाराखालचं एक अक्षर: ले.

कुत्री भुंकायला लागली.
चाळीस नव्हती, तीसच मिनिटं होती,
तट्टू हुशार दिसतंय.
सेबुएंग आतून ओरडली, "दोघी आहेत, दोघी!"

पेन्सिल कानामागे अडकवते.
नळाचं पाणी हाडापर्यंत गार.
कोपरापर्यंत साबण लावते,
आणि मनातल्या मनात
गुरुवार शुक्रवारावर ढकलून बघते.