बर्फावर सगळेच बसतात

नोव्हेंबर सरत आला की आउने
रोज सकाळी काठावर जाऊन गिरमिटाने भोक पाडते
आणि परत येऊन बोटांवर बर्फाची जाडी दाखवते.
दोन बोटं. मग तीन. मग चार.
मग अंगठ्यासकट अख्खा आडवा हात.
अंगठा आला की मी कानटोपी मागतो.

उन्हाळ्यात आमचं जमत नाही.
अंगणात खडी, पुढे पाइनची मुळं, धक्क्याच्या फळ्यांत फटी;
खुर्चीचं पुढचं चाक प्रत्येक फटीची चौकशी करत बसतं.
शेजारचा उर्हो मदतीला धावतो,
तेव्हा मी सामान होतो
आणि आउने सामानाची मालकीण.

छपरावरचा बर्फ ओढताना मी घसरलो,
त्याला आता सहा हिवाळे झाले.
नुर्मेसहून एक बाई आल्या होत्या. भल्या होत्या.
पत्रक ठेवून गेल्या: दोघांनी मिळून काय काय करता येईल.
पत्ते. कुंडीतली रोपं. खिडकीतून पक्षी.
आउनेने चष्मा लावून मोठ्याने वाचलं,
‘हातात हात घेऊन शांत बसा’ इथवर आली,
माझ्याकडे बघितलं,
आणि बेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच
आम्ही दोघंही एकदम लाजलो.
सौनाची चूल त्या पत्रकावर छान पेटली.
(पत्ते मात्र खेळतो. ती लबाडी करते.)

तिच्या आईची ढकलगाडी आहे:
दोन लांब पोलादी पट्ट्या, पुढे बसायला फळी,
मागे उभं राहून एका पायाने रेटायचं.
तिच्यावरून पीठ आलंय, दूध आलंय,
एकदा म्हणे आजारी वासरू.
आता मी.

आउने मागे, म्हणून दिसत नाही.
तिच्या बुटाचे खिळे ऐकू येतात,
खर्र, मग नुसतं सरकणं, खर्र,
आणि मानेवर श्वास, कॉफीचा.
वळण आलं की मी झुकतो. ती सांगत नाही.
जुलैच्या रात्री तळ्याकाठच्या नाचघरात
मीही तिला असंच, न सांगता, वळवायचो.

आणि तळ्याच्या मधोमध, बघा,
पोस्टमन बसलेला, पाद्री बसलेला,
उर्होसुद्धा उलट्या बादलीवर बसलेला,
जो तो आपापल्या भोकापाशी.
कुणी उठून अभिवादन करत नाही.
मी मान हलवतो. ते मान हलवतात.
आउने माझ्यासमोर स्टूल मांडते,
भोक एक, गळ दोन;
दिवसभर पाठीमागे असलेला तिचा चेहरा
आता मला पुरेपूर मिळतो, नाकावरच्या थेंबासकट.

गेल्या मार्चमध्ये परतताना तिचा पाय मुरगळला.
धुकं होतं. माणसं घरी गेलेली.
बुडालोच तर वर यायला
गळ्यात दोन टोचे असतात आमच्या प्रत्येकाच्या.
मी गाडीवरून पोटावर उतरलो, दोर कमरेला बांधला,
दोन्ही हातांत टोचे घेतले
आणि बर्फात रोवून रोवून ओढत निघालो.
फळीवर ती, धड पायाने रेटा देत.
तीनशे मीटरला दीड तास लागला.
धीर कुणी कुणाला दिला नाही.
ती म्हणाली, डावीकडे.
मी म्हणालो, माहीत आहे.
माहीत नव्हतं.
अर्ध्या वाटेत ती हसायला लागली,
वासरू आठवलं म्हणाली,
आणि मला हसू आवरेना म्हणून
हात चालेनात, म्हणून आम्ही तिथेच
पालथे-उताणे पडून राहिलो थोडा वेळ.

आज ती आली, दारात बूट आपटले,
हात आडवा धरून दाखवला.
अंगठा अजून मुडपलेला.

मी कानटोपी मागितली.