वाईट नाही

तारकुंडे म्हणाले, बी कोण लावतं हल्ली, सोवनीबाई?
कलम आणा, तिसऱ्या वर्षी फळ खा.
बियाचं झाड म्हणजे उधारी,
नातवंडांच्या नावावर.

मला नातवंडं नाहीत.
मी अकरा बिया लावल्या.

भाचीच्या सासरहून आल्या होत्या, सोलनच्याही वरून,
ओल्या फडक्यात, फडकं मोज्यात, मोजा पिशवीत,
सुकल्या की मरतात म्हणून.
मोसंबीचा आणि कुठल्याशा काटेरी रानझुडपाचा संकर.
बर्फात आठवडाभर उभा राहतो म्हणे
आणि चैत्रात, काही झालंच नाही, असा फुलतो.

श्रीखंडाचे डबे, तळाला तापल्या सुईची भोकं.
पाषाणची गच्ची, टाकीची सावली.
बावीस दिवस काही नाही.
तेविसाव्या दिवशी
एकाच बीतून तीन कोंब.

फोन केला. ते म्हणाले, त्यातले दोन आईची नक्कल,
बाप तिथे नावालाही नाही.
एखादाच खरा नवा.
नर्सरीवाले तो उपटून टाकतात,
ओळीत बसत नाही म्हणून.

कोणता, ते चौथ्या पानापर्यंत कळलं.
बाकीच्यांना तीन-तीन दलं, थेट बेलासारखी.
(श्रावणात वरच्या वैजूताई येऊन पाच पानं तोडून गेल्या.
अहो, हा बेल नव्हे, चुलतभाऊ.
महादेवाला चालेल की, म्हणाल्या.)
हा मात्र एकदलाचा, तिरपा,
काटा पानाहून लांब.

बाकीचे वाटून टाकले. हा ठेवला.

डबा, मग बादली, मग अर्धं पिंप.
लिंबावरच्या अळ्या त्याला लिंबूच समजल्या.
टाकी धुणाऱ्याचा शर्ट फाटला,
सेक्रेटरींची नोटीस आली: गच्ची, ओल, काटे, जबाबदारी.
मी ती फाईलला लावली.

एका जानेवारीत पारा सहावर उतरला.
रात्री अकराला गोणपाट घेऊन जिना चढले मी,
आणि वर पोचल्यावर हसू आलं.
उणे दहाच्या घराण्यातलं हे पोर,
आणि मी त्याला पांघरूण घालते आहे.
तरी घातलं.
इतकं सोसण्याचं बळ घेऊन आलेलं,
आणि आमच्या गावात परीक्षाच नाही.
सकाळी स्वेटर, दहाला खुर्चीच्या पाठीवर.

नवव्या वर्षी फुलं. मोजून सहा.
पाच गळाली.

डिसेंबरात तारकुंडे आले, गुडघा बदललेला, काठी नवी.
फळ पिंगपाँगच्या चेंडूएवढं,
साल नखाने खरवडली तर खोलीभर वास.
सुरीला डिंक बसला, तो पुढे दोन दिवस निघेना.
आत गर थोडा, बिया सतरा.

आधी आंबट:
कानामागे मुंग्या, एक डोळा आपोआप बंद.
मग कडू, जुन्या औषधांच्या कपाटासारखं,
जरासं रॉकेलही.
मग, गिळून झाल्यावर,
आपण आशा सोडल्यावर,
संत्र्याचा एक धागा. बारीक. जिभेच्या अगदी मागे.
तो खरंच होता की नऊ वर्षांनी विणला,
सांगता येत नाही.

तारकुंड्यांनी फोड सालीसकट चावली.
पाणी मागितलं. अर्धा पेला प्यायले.
खिडकीबाहेर बघत म्हणाले,
वाईट नाही.

अठ्ठावीस वर्षं एका लॅबमध्ये काढली आम्ही.
माझ्या एकाही रिपोर्टवर
ते एवढं बोलले नव्हते.

गेल्यावर बशी विसळायला घेतली.
बिया बारा.
दोनदा मोजल्या. बाराच.

गॅलरीतून पाहिलं तर
काठी सावकाश फाटकाकडे चाललेली,
आणि शर्टाच्या खिशावर
ओल्या रुमालाचा
रुपयाएवढा डाग.